कापड दाखवताना काय बोलावे, काय विचारू नये

प्रश्न : मी चोवीस वर्षांची आहे आणि पुण्यात लक्ष्मी रस्त्याजवळच्या एका कापडाच्या दुकानात काउंटरवर काम करते. आमच्याकडे मॅचिंगचे ब्लाउज पीस, अस्तर, कुर्त्यांचे छापील सुती कापड आणि पडद्यांचे कापड मीटरवर मिळते. ‘गिऱ्हाइकाशी बोलत जा, नुसते तागे पुढे टाकू नकोस,’ असे मालक सांगतात, म्हणून मी प्रत्येकीला ‘काय शिवणार आहात?’ असे विचारू लागले. काही जणी खुलतात, काही जणी तुटकपणे ‘बघू’ म्हणतात आणि मध्यंतरी एका बाईंनी ‘तुम्हाला काय करायचे आहे?’ असे सगळ्यांसमोर सुनावले. मला स्वतःला शिवता येत नाही. घरी शिवणाऱ्या बायकांनी बारीक प्रश्न विचारले की मी काहीतरी उत्तर देऊन मोकळी होते आणि मग दिवसभर ते मनाला लागून राहते. उलट काही वयस्क बायका अर्धा-अर्धा तास बोलत राहतात. मागे गर्दी साचते, माझे पाय दुखत असतात आणि त्यांना थांबवणे मला जमत नाही. हे वरवरचे बोलणे खरोखर गरजेचे आहे का? असेल तर ते कसे करावे?
— एक विक्रेती, पुणे

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

मी काउंटरच्या पलीकडच्या बाजूची आहे. घरी शिवते, कापड निवडायला मला वेळ लागतो, आणि समोरच्या विक्रेतीच्या एखाद्या वाक्यावर माझी खरेदी अनेकदा ठरते किंवा मोडते. त्यामुळे तुमच्या पत्रातील शंका मला जवळची वाटली. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधीच देते : होय, हे बोलणे गरजेचे आहे, आणि ते वरवरचे आहे असे मला मुळीच वाटत नाही. तयार कपडा अंगाला लावून पाहता येतो आणि बसला नाही तर बऱ्याच ठिकाणी बदलूनही मिळतो. ताग्यावरून कापून घेतलेले अडीच मीटर मात्र कोणी परत घेत नाही. कात्री लागण्यापूर्वीची ती पाच-सात मिनिटे हाच शिवणाऱ्या बाईला शंका विचारण्याचा, विचार बदलण्याचा आणि माप पुन्हा पडताळून पाहण्याचा एकमेव अवकाश असतो, आणि त्या अवकाशात तिच्याबरोबर दुसरे कोणी असेल तर त्या तुम्हीच असता.

‘काय शिवणार आहात?’ हा प्रश्न चुकीचा नाही. तो बोचतो तो विचारण्यामागचे कारण ऐकणाऱ्याला न कळल्यामुळे. किती कापड फाडायचे हे ठरवण्यासाठी तुम्हाला ती माहिती हवी असते; समोरच्या बाईला मात्र ती चौकशी वाटते, आणि आपल्याकडे दुकानदारांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या चौकशांना तोंड देऊन थकलेल्या बायका कमी नाहीत. म्हणून क्रम उलटा करा. आधी कापडाविषयी एक उपयोगी गोष्ट, उदाहरणार्थ त्याचा पन्हा म्हणजे रुंदी, सांगा आणि तिच्या आधाराने विचारा. ‘या कापडाचा पन्हा चव्वेचाळीस इंची आहे. कुर्त्यासाठी घेत असाल तर अडीच मीटर लागेल, नुसत्या ब्लाउजसाठी असेल तर एक मीटरमध्ये भागेल,’ असे म्हटले की उत्तर द्यायचे की नाही हे तिच्या हाती राहते. तिला सांगायचे असेल तर ती सांगेल. सांगायचे नसेल तर ‘दोन मीटर द्या’ म्हणेल, आणि तेवढ्यावर तुम्ही समाधान मानावे, कारण काही कापडे कशासाठी घेतली आहेत हे घेणारीलाच अजून ठरवायचे असते.

पन्ह्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण तुमचे निम्मे बोलणे त्याभोवतीच फिरणार आहे. आपल्या बाजारात लांबी मीटरमध्ये मोजली जाते आणि पन्हा अजूनही इंचांत सांगितला जातो. छत्तीस, चव्वेचाळीस आणि अठ्ठावन्न हे नेहमीचे पन्हे आहेत, म्हणजे अंदाजे ९१, ११२ आणि १४७ सेंटिमीटर. गुडघ्यापर्यंतचा, बाह्यांचा कुर्ता ४४ इंची कापडात सव्वादोन ते अडीच मीटरमध्ये होतो, आणि घेर फार ठेवायचा नसेल तर ५८ इंची कापडात तोच कुर्ता पावणेदोन मीटरच्या आसपास बसतो. ब्लाउजला ४४ इंची कापड ८० सेंटिमीटर ते १ मीटर लागते, आणि बाही कोपरापर्यंत हवी असेल तर पूर्ण मीटर घेतलेला बरा. हे आकडे तुम्हाला तोंडपाठ हवेत. नुसत्या भावापेक्षा पन्ह्यासह सांगितलेला भाव शिवणाऱ्या बाईला अधिक उपयोगी पडतो, कारण मीटरला महाग दिसणारे मोठ्या पन्ह्याचे कापड पुष्कळदा एकूण हिशेबात स्वस्त पडते आणि हा हिशेब ती मनातल्या मनात करतच असते. तुम्ही तो आपणहून मांडलात तर ही मुलगी जास्त कापड गळ्यात मारणारी नाही, अशी तिची खात्री पटते. माझ्या मते त्या एका खात्रीपुढे गोड बोलण्याचे बाकी सारे प्रकार फिके आहेत.

तुमच्याकडे येणाऱ्या वयस्क बायकांपैकी काही जणी ‘अडीच वार द्या’ म्हणत असतील. १९५६ च्या कायद्यानंतर आपल्याकडे हळूहळू मेट्रिक मापे आली, पण नऊवारी आणि सहावारी या साड्यांच्या नावांत वार कायम राहिला, आणि ज्यांनी आईच्या हाताखाली शिवण शिकले त्यांच्या हिशेबातही तो आहे. वार म्हणजे ३६ इंच, ९१ सेंटिमीटरहून किंचित जास्त. तेव्हा अडीच वारांचे २ मीटर २९ सेंटिमीटर होतात. ‘आता वार नसतात हो,’ असे म्हणून त्यांना दुरुस्त करण्यापेक्षा ‘म्हणजे दोन मीटर तीस देते, चालेल ना?’ असे विचारले की त्यांचे माप त्यांच्याकडे राहते आणि तुमची पावतीही बरोबर होते. यात खर्च काही नाही, आणि अशा लहान गोष्टींवरून कोणत्या दुकानात पुन्हा जायचे हे या बायका ठरवतात.

आता काही प्रसंग असे आहेत की तिथे कशासाठी हे विचारूच नये. साधे पांढरे मांजरपाट किंवा मलमल घाईने, भाव न करता मागणारी व्यक्ती समोर आली तर निमूटपणे हवे तेवढे फाडून द्यावे. घरात कोणी गेले असेल आणि त्यासाठी कापड न्यायला ती आली असेल, ही शक्यता नेहमी लक्षात ठेवावी. दुसरा प्रसंग बाळाच्या कपड्यांचा. मऊ मलमल आणि दुपट्यांचे कापड घेणारीला ‘कितवा महिना?’ किंवा ‘सुनेला काही आहे का?’ असे हसून विचारण्याची पद्धत दुकानांतून सर्रास दिसते, आणि ती बंद व्हावी असे मला मनापासून वाटते. पुष्कळ घरांत बाळ जन्माला येईपर्यंत त्याचे काही बोलायचे नसते, आणि काही घरांत आधीचे दुःख ताजे असते. ‘हे कापड दोनदा धुतल्यावर आणखी मऊ होते, झबल्याला चांगले,’ एवढे सांगितले तर उपयोगी गोष्टही सांगून झाली आणि कोणाच्या मनातही शिरावे लागले नाही. तिसरा प्रसंग सुखाचा आहे. एकाच दमात दहा-बारा ब्लाउज पीस मागणारी बाई ते बहुधा ओटीसाठी नेत असते. तिला शिवण्याविषयी विचारण्यात अर्थ नसतो. ते स्वीकारणाऱ्या बायकांना खरोखर वापरता येतील असे, अंगाला सोसणारे आणि पूर्ण मापाचे पीस तिला दाखवा. ओटीत आलेला चांगल्या कापडाचा पीस शिवणाऱ्या बाईच्या घरी वाया जात नाही आणि सुळसुळीत, तोकडा पीस वर्षानुवर्षे या घरातून त्या घरात फिरत राहतो.

अंगाविषयी कधीही बोलू नये. ‘तुमच्या अंगाला दीड मीटर तरी लागेल,’ हे वाक्य मी अनेक दुकानांत ऐकले आहे, आणि ते बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते हेही मला ठाऊक आहे, तरी ते ऐकून कापड न घेता निघून गेलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. तुम्हाला हवी असते ती संख्या, तेव्हा संख्याच विचारा : उंची किती ठेवायची, बाही किती इंचांची, घेर किती, अस्तर लावणार की नाही. शिवणाऱ्या बाईला ही मापे पाठ असतात आणि ती सांगताना तिला संकोच वाटत नाही, कारण ती कामाची भाषा असते. पुरुष गिऱ्हाइकांच्या बाबतीतही एक सांगते. आता घरी शिवणारे पुरुष दिसतात, आणि शिंपीकाम करणारे तर पूर्वीपासूनच येतात. ‘वहिनींसाठी का?’ असे गृहीत धरून विचारल्यावर त्यांना आधी खुलासा करावा लागतो आणि मग कापडाकडे वळावे लागते. त्यांनाही बायकांप्रमाणेच पन्हा आणि भाव सांगून सुरुवात करावी. धंद्याने शिवणाऱ्यांना गप्पा बहुधा नको असतात. त्यांना अस्तर, बकरम (गळ्याला-कॉलरला ताठपणा देणारे कापड) आणि दोऱ्याची रिळे झटपट आणि बरोबर रंगाची मिळाली की झाले.

आणखी दोन वाक्ये टाळावीत. ‘यापेक्षा रेडिमेड स्वस्त पडेल’ हे पहिले. शिवणाऱ्या बाईने हा हिशेब केव्हाच केलेला असतो. तिला हवा असतो आपल्या मापाचा मुंढा (बाही जोडतात ती जागा), आपल्या पसंतीचा गळा, खिसा असलेला कुर्ता. दुसरे वाक्य ‘माझाही एक ब्लाउज शिवून द्या ना’. तुम्ही ते कौतुकाने म्हणाल, पण जिला शिवता येते तिला नातेवाइकांकडून आणि शेजारणींकडून हे सतत ऐकावे लागते, आणि बहुतेक वेळा मोबदल्याचा विषय निघतच नाही. कौतुक करायचे तर तिने अंगावर घातलेल्या कपड्याच्या शिवणीचे करावे. ‘हे तुम्हीच शिवलेत का? चौकडी बाजूच्या शिवणीला किती बरोबर जुळली आहे,’ असे कोणी म्हटले की शिवणारी बाई ते विसरत नाही, कारण चौकडी जुळवण्यासाठी तिने जास्तीचे कापड घेतलेले असते, टाचण्या लावून एकेक रेघ पाहिलेली असते आणि घरात ते कोणाच्याच लक्षात आलेले नसते.

आता तुमच्या पत्रातील मला सर्वांत महत्त्वाच्या वाटलेल्या भागाकडे येते. शिवता येत नसल्यामुळे तुम्ही काहीतरी उत्तर देऊन मोकळ्या होता. हे मात्र ताबडतोब थांबवावे, असे मी आग्रहाने सांगते. ‘हे आटेल का?’ या प्रश्नाला ‘नाही हो, अजिबात नाही’ हे उत्तर फार सोपे आहे, आणि त्याचे परिणाम महिन्याभराने पहिल्या धुण्यानंतर दिसतात. सुती कापड पहिल्या पाण्यात शेकडा ३ ते ५ आटणे ही नेहमीची गोष्ट आहे. अडीच मीटरांत ती घट साडेसात ते साडेबारा सेंटिमीटरांची होते, आणि तेवढ्यात कुर्त्याची उंची बदलते. म्हणून अशा वेळी ‘सुती आहे, थोडे आटेल. शिवण्याआधी पाण्यातून काढून घ्या आणि दहा-पंधरा सेंटिमीटर जास्त न्या,’ असे सांगावे. आणि जिथे माहीत नसेल तिथे ‘मला नक्की सांगता येणार नाही, मालकांना विचारून सांगते’ असे म्हणावे. शिवणारी बाई या उत्तराने नाराज होत नाही. तिला दुकानात चुकीची माहिती पुष्कळ मिळालेली असते, त्यामुळे न ठोकता बोलणाऱ्या व्यक्तीचे तिला अप्रूप वाटते.

शिवता न येताही तुम्हाला पुष्कळ शिकता येईल, कारण कापड तुमच्या हाताखालून दिवसभर जात असते आणि तेवढे कापड कोणत्याही घरगुती शिवणारीच्या हाताखालून जात नाही. खळ दिलेले कापड दोन बोटांत चोळून पाहा, खळ असेल तर ते चोळल्यावर नरम पडते, आणि धुतल्यावर ते आतापेक्षा विरळ दिसेल हे गिऱ्हाइकाला आधीच सांगता येते. गडद रंग कच्चा आहे की पक्का, हे ओल्या पांढऱ्या रुमालाने कोपरा घासून कळते. मालकांची परवानगी घेऊन नवा माल आल्यावर हे एकदा करून ठेवा. ताग्याच्या टोकाची चिठ्ठी वाचा. सूत कोणते याविषयी शंका असेल तर कातरणीतला बोटभर तुकडा घरी न्या आणि चिमट्यात धरून, खाली ताटली ठेवून पेटवून पाहा (दुकानात कापडाच्या ढिगाऱ्यांमध्ये काडी कधीही ओढू नये). सुती कापड कागदासारखा वास देत जळते आणि मऊ राख सोडते, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो, रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो. ‘टू बाय टू’ हा शब्द तुम्ही दिवसातून कितीदा तरी उच्चारत असाल. त्यात उभे आणि आडवे असे दोन्ही धागे दोन पदरी असतात, म्हणून ते ब्लाउजला टिकाऊ ठरते. हे एका वाक्यात सांगता आले की दोन पिसांच्या भावांत फरक का आहे याचे स्पष्टीकरण द्यायला वेगळे बोलावे लागत नाही. मखमलीची लव एकाच दिशेला असते, त्यामुळे सगळे भाग एकाच दिशेने कापावे लागतात आणि कापड जास्त लागते. मोठी चौकडी, काठ किंवा एका दिशेची नक्षी यांनाही हेच लागू आहे. मखमलीचा तागा उलगडताना हे आपणहून सांगणारी विक्रेती मला क्वचित भेटली आहे, आणि जिने सांगितले तिच्याकडे मी पुन्हा गेले आहे.

कापड कुठून आले आहे, हा बोलण्याचा सर्वांत आनंददायक विषय आहे, आणि तो तुमच्या हक्काचा आहे. पॉपलिन इचलकरंजीचे असेल तर तसे सांगा. तिथे पहिला यंत्रमाग १९०४ साली लागला आणि पुढे सारे गावच त्या धंद्याचे झाले. हल्ली कुर्ते, पिशव्या आणि परकर-पोलक्यांसाठी खणाचे कापड खूप मागितले जाते. चोळीचा हातमागाचा खण बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्डचा, आणि तो अरुंद पन्ह्याचा असतो. मोठ्या पन्ह्यात मिळणारे खणाच्या नक्षीचे कापड बहुधा यंत्रमागावरचे असते. दोन्हींना गिऱ्हाईक आहे, मात्र एक दाखवताना दुसऱ्याचे नाव सांगू नये. अजरख, म्हणजे ठशांनी छापलेले कापड, घेणाऱ्या बाईला कच्छमधील अजरखपूरविषयी सांगता येईल. २००१ च्या भूकंपानंतर धमडका गावच्या छपाई कारागिरांनी अजरखपूर नव्याने वसवले, आणि त्यांच्या परंपरागत कामातला काळा रंग लोखंड आणि गूळ आंबवून तयार होतो. नैसर्गिक निळीचे कापड सुरुवातीच्या धुण्यांत थोडा रंग सोडते, तेव्हा ते वेगळे धुवावे हेही त्याच ओघात सांगून होते. मालकांना विचारून प्रत्येक नव्या मालाचे गाव वहीत लिहून ठेवा. ज्याचे गाव नक्की कळले नाही त्याच्याविषयी मात्र बोलू नये.

तुम्हाला विचारण्यासारखा एक प्रश्न मी सुचवते, आणि माझ्या मते तो ‘काय शिवणार आहात?’ यापेक्षा पुष्कळ चांगला आहे. ओळखीचा चेहरा दिसला की विचारा, ‘मागच्या वेळी नेलेले कापड शिवल्यावर कसे झाले?’ शिवणाऱ्या बाईकडे या प्रश्नाचे उत्तर नेहमी तयार असते. धुतल्यावर रंग उतरला, टीप मारताना कापड सुईखाली गोळा होत होते, कडेचे धागे फार निघाले, इस्त्री चांगली बसली, उन्हाळ्यात घालायला उत्तम : यातील प्रत्येक गोष्ट तुमच्या पुढच्या गिऱ्हाइकाच्या उपयोगाची आहे. तीच बाई तुम्हाला सांगेल की तलम व्हॉइलला नऊ किंवा अकरा नंबरची सुई लावावी, नेहमीच्या सुती कापडाला चौदा आणि डेनिमला सोळा, आणि होजियरीच्या कापडाला गोल टोकाची सुई नसेल तर टाके सुटतात. उद्या दुसऱ्या कोणी विचारले तर तुम्हाला ठोकून द्यावे लागणार नाही. ‘हे नेलेल्या एका ताईंनी सांगितले, अकरा नंबरच्या सुईने चांगले शिवले जाते,’ असे म्हणता येईल. एकीचा अनुभव दुसरीपर्यंत नेणे हे काम तुमच्या जागी उभ्या असलेल्या व्यक्तीशिवाय कोणाला करता येत नाही, कारण घरी शिवणाऱ्या बायका एकेकट्या शिवतात आणि एकमेकींना ओळखतही नाहीत. पत्रात तुम्ही शिवता न येण्याचा उल्लेख कमीपणाने केला आहे. ज्यांना येते त्यांना नीट विचारणारी आणि लक्षात ठेवणारी विक्रेती अर्धवट येणाऱ्या विक्रेतीपेक्षा मला अधिक विश्वासाची वाटते.

खूप वेळ बोलणाऱ्या वयस्क बायकांविषयी तुम्ही त्रासून लिहिले नाही, अडचण म्हणून लिहिले आहे, हे मला आवडले. त्यांच्यापैकी कित्येकींनी घरातल्या सगळ्यांचे कपडे शिवलेले असतात, आता नजर पूर्वीसारखी राहिलेली नसते, मशीन झाकून ठेवलेले असते, आणि ज्या विषयात त्यांना सगळे कळते त्यावर बोलायला घरी कोणी नसते. त्यांचे ऐकावे, पण हात थांबवू नयेत. ऐकता ऐकता तागे गुंडाळता येतात, पट्टीने मोजून ठेवता येते, पीस घडी करून ठेवता येतात. मोजताना आणि कात्री चालवताना मात्र गप्प राहावे आणि समोरचीलाही ‘एक मिनिट, एवढे मोजून घेते’ असे सांगावे. मोजमापाच्या मध्ये बोलल्याने झालेली चूक शेवटी तुमच्याच नावावर लागते. मागे कोणी थांबले असेल तर बोलणे तोडण्याऐवजी त्यांनाच त्यात सामील करून घ्यावे : ‘काकू, या ताईंचे अस्तर कापून देते, तोवर तुम्ही हा नवा आलेला तागा हाताळून बघा आणि कसा वाटतो ते मला सांगा.’ त्यांना काम मिळते, तुम्हाला मोकळीक मिळते आणि थांबलेल्या बाईला आपल्याकडे लक्ष आहे हे कळते. गणपती-दिवाळीच्या आधीचे आणि लग्नसराईचे दिवस सोडून सकाळी दुकान उघडल्या उघडल्या यायला त्यांना सुचवा, त्या वेळी निवांत कापडे दाखवता येतील असेही सांगा. बहुतेक जणी खरोखर त्या वेळी येतात. संबोधनाच्या बाबतीत एवढेच की ‘काकू’ हे केस पांढरे झालेल्यांसाठी आणि ओळखीच्यांसाठी राखून ठेवावे, बाकी सगळ्यांना ‘ताई’ चालते.

पायांच्या दुखण्याकडे मात्र मी वरवर पाहू शकत नाही, कारण दिवसभर उभे राहून कोणालाही मनापासून बोलता येणार नाही. केरळमध्ये कापड दुकानांतील विक्रेत्या बायकांनी बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला आणि २०१८ साली तिथल्या दुकानांविषयीच्या कायद्यात दुरुस्ती होऊन बसण्याची सोय करणे मालकांवर बंधनकारक झाले. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तसाच कायदा केला. तुमच्या मालकांना गिऱ्हाइकांशी चांगले बोलणारी माणसे हवी आहेत, तर काउंटरमागे एक उंच स्टूल ठेवण्याची मागणी त्यांच्या धंद्याच्याच हिताची आहे, हे त्यांना शांतपणे सांगावे. गर्दी नसताना बसून बोलले तर कोणत्याही शहाण्या गिऱ्हाइकाला त्यात अपमान वाटत नाही. हे सदर वाचणाऱ्या शिवणाऱ्या मैत्रिणींनाही माझी विनंती आहे की दहा तागे उलगडायला लावून काहीच घ्यायचे नसेल तर तसे आधी सांगावे, जुळवायचा कापडाचा तुकडा बरोबर न्यावा, आणि मापाचा हिशेब शक्यतो घरून करून यावा.

राहिला प्रश्न त्या बाईंचा, ज्यांनी तुम्हाला सगळ्यांसमोर सुनावले. त्या पुन्हा आल्या तर मागचे काही काढू नका, पन्हा आणि भाव सांगा, आणि कापडाला कुठे विणकामाचा दोष असेल तर तो आपणहून दाखवा. त्यांना बोलायचे असेल तर त्या तिथून पुढे बोलतील, नसेल तर योग्य मापाचे कापड घेऊन जातील, आणि दोन्ही प्रकारांत तुमचे काम चोख झालेले असेल.

आणि शिकायचे मनात असेल तर दुकानातला एखादा सुती कटपीस मालकांकडून विकत घ्या आणि आधी पाण्यातून काढून, वाळवून, इस्त्री करून त्याचा उशीचा अभ्रा शिवा. सरळ टीप, दुमडलेली कड आणि चार कोपरे एवढेच त्यात असते. त्यानंतर परकर शिवा, कारण त्यात उभा आणि आडवा धागा, घेर आणि नेफा या गोष्टी कळतात. ब्लाउजच्या वाट्याला मात्र इतक्यात जाऊ नका. पहिला परकर झाला की तो त्या बोलक्या काकूंना दाखवा, कुठे चुकले आहे ते त्या सांगतील.